तीन कोटी चाळीस लाखांची डावखुरी

बालमित्रांनो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे कधी पाहिलेत का? नसतील पाहिले, तर घरातल्या मोठ्या माणसांबरोबर एकदा जरूर जा. हळदीच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात. कुणी हळकुंड मोडून बघतो, कुणी रंग न्याहाळतो. मग बोली सुरू होते. एकानं भाव सांगितला की दुसरा त्यावर चढवतो, तिसरा आणखी चढवतो. शेवटी सगळे गप्प होतात आणि ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला माल मिळतो.

आता गंमत ऐका. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत अशीच एक बोली लागली, आणि ती लागली सांगलीच्याच एका मुलीवर! तिचं नाव स्मृती मानधना.

त्या दिवशी महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिलावहिला लिलाव होता. लिलावात माणूस विकला जात नाही बरं का! खेळाडूनं आपल्या संघाकडून खेळावं, म्हणून संघमालक बोली लावतात. सगळ्यांत पहिलं नाव पुकारलं गेलं ते स्मृतीचं. मूळ किंमत ५० लाख रुपये. मुंबई आणि बंगलोर या दोन संघांत चुरस लागली. एक कोटी झाले, दोन झाले, तीन झाले, तरी कुणी थांबेना. अखेर बंगलोरनं तिला घेतलं ३ कोटी ४० लाख रुपयांना. त्या लिलावातली ही सर्वांत मोठी बोली. स्मृती तेव्हा २६ वर्षांची होती आणि विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होती. तिथं टीव्हीसमोर बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी एकच जल्लोष केला.

इकडे मात्र कितीतरी घरांत वाद रंगला असेल. आजोबा म्हणाले असतील, "बॅट फिरवायचे एवढे पैसे? आम्ही जन्मभर राबलो, तरी लाखाचं तोंड पाहायला किती वर्षं गेली!" आणि नात फुरंगटून म्हणाली असेल, "मग मुलांना अठरा कोटी मिळतात, ते चालतं होय?"

दोघांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. तर मग स्मृतीला एवढे पैसे मिळायला हवे होते का? चला, आपणच हिशोब करून बघू.

माधवनगरची मुलगी

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईतला. ती दोन वर्षांची असताना मानधना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला राहायला आलं. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघंही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. दादाचा खेळ बघायला जाता जाता हिच्याही हातात बॅट आली. गंमत म्हणजे ती लिहिते उजव्या हातानं, आणि फलंदाजी करते डाव्या हातानं!

नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली. अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. विचार करा, पाचवी-सहावीतली मुलगी कॉलेजातल्या ताईंबरोबर खेळतेय! सांगलीत अनंत तांबवेकर सर तिच्याकडून सराव करून घेत. २०१३ साली बडोद्याला गुजरातविरुद्ध तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा कुटल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये पहिली कसोटी, आणि त्यात अर्धशतक. २०१७ च्या सुरुवातीला गुडघा जायबंदी झाला. पण त्याच वर्षीच्या विश्वचषकात ती उभी राहिली, आणि पहिल्या दोन सामन्यांत ९० आणि नाबाद १०६ धावा काढून मोकळी झाली.

म्हणजे लिलावाचा तो हातोडा काही मिनिटांत पडला, पण त्यामागं सोळा-सतरा वर्षांचा घाम होता.

हे पैसे आले कुठून?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. डॉक्टर जीव वाचवतो, शेतकरी अन्न पिकवतो, शिक्षक शिकवतात. त्यांना एवढे पैसे मिळत नाहीत. मग खेळाडूला का?

उत्तर त्या हळदीच्या सौद्यातच आहे. भाव ठरतो तो घेणारे किती आणि त्यांच्या खिशात किती यावर. लिलावाच्या काही दिवस आधी, जानेवारी २०२३ मध्ये, महिला लीगचे पाच संघ विकले गेले. किंमत किती? पाचही मिळून सुमारे ४,६७० कोटी रुपये! हे सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण १९० कोटी. आणि खेळाडू घेण्यासाठी प्रत्येक संघाला मर्यादा होती १२ कोटींची. पाच संघांचे मिळून ६० कोटी.

पाहिलंत? लोक सामना बघतात तो खेळाडूंसाठी. उद्या मैदानावर खेळाडूच नसतील, तर टीव्हीवर काय हिरवळ दाखवणार? मग ज्यांच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा, त्यांच्या पदरात चार पैसे पडले तर बिघडलं कुठं? आणि आणखी एक. स्मृतीनं हे पैसे नाकारले असते, तर ते काही शाळेला किंवा दवाखान्याला जाणार नव्हते. ते मालकाच्याच खिशात राहिले असते.

नातीचा मुद्दाही तपासू. डिसेंबर २०२२ मध्ये पुरुषांच्या लिलावात इंग्लंडच्या सॅम करनला १८ कोटी ५० लाख मिळाले होते. त्यापुढं ३ कोटी ४० लाख म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. पण पुरुषांच्या संघांना खर्चाची मुभा होती ९५ कोटींची. वही-पेन्सिल घ्या आणि टक्केवारी काढा. पंजाबनं करनवर खर्च केले शंभरातले साडेएकोणीस रुपये. बंगलोरनं स्मृतीवर खर्च केले शंभरातले अठ्ठावीस! पिशवी लहान होती, पण तिच्यातला मोठा घास स्मृतीला मिळाला. दोन पिशव्या इतक्या लहानमोठ्या का, हा प्रश्न मात्र उरतोच.

आणि मग स्मृती नापास झाली!

मार्च २०२३ मध्ये लीग सुरू झाली. स्मृती बंगलोरची कप्तान. पहिले पाचच्या पाच सामने हरले! आठ सामन्यांत स्मृतीच्या धावा झाल्या फक्त १४९. कुणीतरी गणित मांडलंच असेल की एक धाव पडली दोन लाख अठ्ठावीस हजारांना!

पण थांबा. पुढच्या वर्षी तीच कप्तान, पैसेही तेवढेच. या वेळी तिनं ३०० धावा केल्या आणि १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीला हरवून बंगलोरनं करंडक जिंकला. बंगलोरचा पुरुषांचा संघ २००८ पासून खेळत होता, पण तोवर त्याला करंडक मिळाला नव्हता. तो मुलींनी दुसऱ्याच वर्षी आणला! आता एका धावेची किंमत काढून काय उपयोग? नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगलोरनं तिला साडेतीन कोटींना आपल्याकडेच ठेवलं. त्याच महिन्यात, २ तारखेला, नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारतीय महिलांनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला होता. त्या स्पर्धेत स्मृतीच्या धावा होत्या ४३४.

ज्यांच्यावर बोली लागली नाही

असं असलं तरी किंमत मोठी तोच खेळाडू मोठा, असं मात्र मानू नका हं! त्यासाठी मागं जाऊ.

कसोटी क्रिकेटमध्ये भारताला पहिला विजय मिळाला १९५२ मध्ये. तेव्हाचे कप्तान विजय हजारे यांचा जन्मही सांगलीचाच. त्यांच्या काळी लिलाव कुठला नि करोड कुठले! १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. मग लतादीदी धावून आल्या. त्यांचं बालपणही सांगलीत गेलेलं. त्यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि जमलेल्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. आणि महिला? २००५ च्या विश्वचषकात भारताचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. त्या वेळी सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचं कप्तान मिताली राज सांगते. मिताली काय कमी खेळत होती? तिचा खेळ विकत घेणारा बाजारच तेव्हा उभा नव्हता.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात चला. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं! खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. पण पुढं ते पोलिसात नोकरी करत राहिले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. वय अवघं सतरा! वडील शिक्षक. उसाच्या शेतातल्या मैदानावर तिचा सराव चाले, धनुष्यबाणासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. स्मृतीवर बोली लागली त्याच वर्षीची ही गोष्ट. पण अदितीवर बोली लावायला तेव्हा कुणी नव्हतं. तिची किंमत कमी म्हणायची का? मुळीच नाही.

मग उत्तर काय?

माझं उत्तर असं. स्मृतीला मिळाले ते पैसे तिच्या हक्काचे होते. तिनं ते कुणाकडून हिसकावले नाहीत, तिच्या खेळामुळं जे पैसे आले त्यातलाच तो वाटा होता. पण बाजार पैसे देतो ते जिथं गर्दी आहे तिथं. जिथं गर्दी नाही, तिथल्या खाशाबांना आणि अदितींना सांभाळायचं काम बाजार करत नाही. ते काम गावाचं, शाळेचं, सरकारचं, म्हणजे आपलं आहे.

पालकांनाही दोन शब्द. त्या पहिल्या लिलावात जगभरातल्या मिळून ८७ जणींवर बोली लागली. फक्त ८७! तेव्हा लिलावाकडे डोळे लावून मुलीला मैदानावर पाठवू नका. मानधनांच्या घरात बॅट आली तेव्हा महिलांसाठी कोट्यवधींचा लिलाव कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण मुलगी हट्ट धरून बसली असेल, तर "यात काय मिळणार?" असं म्हणून तिला अडवूही नका. शाळेचा अभ्यास नीट चालू ठेवायला सांगा, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊ द्या.

आणि बालमित्रांनो, तुमच्या शाळेत खो-खो, कुस्ती, धावण्याची स्पर्धा असेल, तर टाळ्या वाजवायला जरूर जा. तिथं बोली लागत नाही, तिकीटही नसतं. पण बघायला कुणी आलं, की खेळणाऱ्याला दहा हत्तींचं बळ येतं!