'ठीक आहे, पण...' म्हणजे नक्की काय?

रविवारी साताऱ्याहून सांगलीला हॉस्टेलवर आलो, तर रूममेट म्हणाला, "तो 'राजी' गेम नको घेऊस रे, रिव्ह्यू ठीकठाकच आहेत." मी तरीही घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० मध्ये आणला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट. समीक्षकांनी राजस्थानी धाटणीचे महाल आणि संगीत वाखाणलं. पण मारामारी अवघडलेली, शेवट अर्धवट, असंही लिहिलं. खेळल्यावर दोन्ही पटलं! नुसत्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मारामारीवर काम झालं, हिंदी आवाजही आले. मित्रांनो, आपल्या प्रोजेक्टलाही असेच मध्यम मार्क पडतात. तेव्हा रुसू नका, सरांचा शेरा आधी वाचा. दुसरी आवृत्ती त्यातूनच निघते!