पिवळं फेकू नका!

वाशिम असो, रिसोड असो की मंगरुळपीर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटेच मैदान गाठतात. सोळाशे मीटर धावायचं, गोळा फेकायचा आणि रूमवर येऊन उकडलेली अंडी खायची. त्यातला पिवळा बलक मात्र अनेक जण काढून टाकतात. का? तर 'कोलेस्टेरॉल वाढतं!' तुम्हीही त्यांच्यातलेच असाल, तर हे वाचाच.

ही भीती जुनी आहे. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचली. पण ससा पडला पाला खाणारा. कोलेस्टेरॉल त्याच्या आहारात नसतंच. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने 'आठवड्याला तीनच बलक' असा सल्ला दिला आणि तो जगभर पसरला. अखेर २०१५-२० च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून 'दिवसाला ३०० मिलिग्रॅम' ही मर्यादाच वगळली गेली.

मग दोषी कोण?

एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. पण आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. बाहेरून जास्त आलं, की बहुतेकांचं यकृत आपलं काम कमी करतं. 'वाईट' कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त वाढवतात ते संपृक्त आणि ट्रान्स फॅट. ते सापडतात डालडा, खारी-टोस्ट आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या तळणात. म्हणजे सकाळी बलक फेकायचा अन् संध्याकाळी चौकात दोन कचोऱ्या हाणायच्या, हा उलटा हिशोब झाला!

बलकासोबत काय जातं?

अंड्यातल्या सहा ग्रॅम प्रोटीनपैकी जवळपास अडीच ग्रॅम बलकात असतं. ड आणि अ जीवनसत्त्व, कोलीन आणि बहुतांश बी-१२ही तिथेच. पैसे पूर्ण अंड्याचे, फायदा अर्धाच!

कच्चं अंडं ग्लासात फोडून पिणंही सोडा. त्यातलं निम्मंच प्रोटीन अंगी लागतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिवाय साल्मोनेला जंतूंचा धोका असतोच.

किती खायची?

तब्येत ठणठणीत असेल, तर रोज एक पूर्ण अंडं बिनधास्त खा. प्रोटीन आणखी हवं असेल, तर वरून पांढरं वाढवा. मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल, तर आधी रक्ताची लिपिड प्रोफाइल तपासणी करा आणि डॉक्टरांना विचारा.

अंडं चालत नाही? काळजी नको. आपल्या शिवारातलं सोयाबीन आणि तूर आहेच. त्यात कोलेस्टेरॉल शून्य. सोयाबीनच्या वड्या, वरण-भाकर, शेंगदाणे आणि बी-१२ साठी दूध-दही, एवढं ताटात असू द्या.

मैदानावर घाम तुम्ही गाळताय. मग ऐकीव गोष्टीपायी त्या मेहनतीचं खाद्य उकिरड्यावर का टाकायचं?