हेकरूच्या पोटातली हवा

सात-आठ अनोळखी माणसं, एक तांडेल, एक खलाशी, बर्फाची पेटी आणि वाटून घेतलेलं भाडं. मालवण-देवबागकडे किंवा खाली गोव्यात हौशी माणसांना गरवायला नेणारी बोट साधारण अशी असते. शक्यतो भांगाचे दिवस बघून निघतात, कारण उधाणात पाण्याला ओढ इतकी असते की शिसं तळाला टेकतच नाही. खडपावर, म्हणजे बुडालेल्या खडकांवर, आल्यावर तांडेल इंजिन मंद करतो आणि समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत राहतो. त्याचे आजोबा किनाऱ्यावरचा डोंगर, देऊळ आणि एखादा उंच माड यांची रेघ जुळवून हीच जागा शोधायचे. आता जीपीएस आहे आणि पाण्याखालचं दाखवणारं यंत्र आहे. पडद्यावर तळाची जाड रेघ दिसते, मध्येच ती उंचवटा घेते आणि त्या उंचवट्यावर लहान लहान कमानी उमटतात. ‘आसत रे,’ तांडेल म्हणतो आणि नांगर पडतो.

त्या कमानी कशाच्या असतात? मासे आहेत हे खरं, पण यंत्राला मासा असा दिसत नाही. यंत्र खाली ध्वनी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. माशाचं मांस आणि समुद्राचं पाणी यांच्या घनतेत फरक थोडा, त्यामुळे मांसावरून ध्वनी फारसा परततच नाही. तो परततो हवेवरून. बहुतेक हाडाळ माशांच्या पोटात, कण्याच्या लगेच खाली, वायूने भरलेली एक पिशवी असते. पुस्तकात तिला वाताशय म्हणतात, पालघरकडचे कोळी बोत म्हणतात. ज्या माशाला बोत आहे त्याच्या प्रतिध्वनीतला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा या एकट्या पिशवीचा असतो. सुरमईला ती नसतेच, मुशीलाही नसते, म्हणून हे मासे पडद्यावर फिके उमटतात. तांडेल बघत असतो ते पोटापोटांतली हवा.

बोताचा आपल्याकडे बाजारही आहे. २०२१ साली पालघर तालुक्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांची किंमत कोटीच्या वर गेली, ही बातमी पुष्कळांना आठवत असेल. ती किंमत मांसाची नव्हती, वाळवून पूर्वेकडच्या देशांत जाणाऱ्या बोताची होती. युरोपात माशाच्या बोतापासून केलेला पदार्थ वाइन आणि बिअर नितळ करायला वापरत आले आहेत. पण माशाला या पिशवीचा उपयोग काय, हे समजून घ्यायला घोळीपेक्षा हेकरू बरा.

हेकरू, म्हणजे मुंबईकडचा गोब्रा, हा खडपाचा मासा. जाड ओठ, मोठं तोंड, अंगावर ठिपके किंवा पट्टे. कपारीच्या तोंडाशी तो तासन्‌तास एका जागी असतो आणि समोरून कोळंबी किंवा लहान मासा गेला की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. एका जागी राहायचं तर वजन शून्य व्हायला हवं. मांस आणि हाडं समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून हवेची पिशवी भरपाई करते. समुद्री माशात शरीराच्या साधारण पाच टक्के जागा तिने व्यापली की हिशेब जुळतो. मासा बुडत नाही, तरंगतही नाही आणि कल्ले-पंख हलवण्यात ताकद जात नाही.

हिशेब जुळतो तो मात्र एका ठरावीक खोलीवर. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. दाब जितक्या पटीने कमी होईल तितक्या पटीने वायू फुगतो, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. मुंबईहून नेलेलं वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला टम्म फुगलेलं दिसतं, तिथे हवेचा दाब जेमतेम १५ टक्क्यांनी कमी झालेला असतो. वीस मीटर खोल खडपावरून वर ओढलेल्या हेकरूच्या बाबतीत तो दोन तृतीयांशाने कमी होतो. वायूला तिप्पट जागा लागते आणि माशाच्या पोटात तितकी जागा नसते.

इथे मासेमाशांत फरक आहे, आणि तो पाहायला समुद्र लागत नाही. रायपूरच्या गोल बाजारापासून सगळ्यात जवळचा समुद्रही सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर लांब. तिथल्या मराठी घरांत मासा म्हणजे तळ्या-धरणांतला रोहू, कटला, मृगळ. रोहू साफ करताना आतून पांढरी, चकचकीत, मध्ये आवळलेली दोन कप्प्यांची पिशवी निघते आणि ती फोडायला घरातली पोरं टपलेली असतात. ती नीट बघितली तर मागच्या कप्प्याच्या सुरुवातीपासून एक बारीक नळी निघून अन्ननळीकडे गेलेली दिसते. रोहू वर येताना फुगलेली हवा या नळीतून तोंडावाटे सोडून देतो, चक्क ढेकर देतो. (याच पिशवीचा पुढचा भाग छोट्या हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेला असतो, म्हणून रोहूचे कान फार तिखट. पण तो वेगळा विषय.)

हेकरू, तांबोशी आणि खडपातल्या इतर पुष्कळ माशांना ही नळी नसते. पिल्लू असताना असते, मग बुजते. त्यांची पिशवी बंद. वायू भरायचा तो रक्तातून आणि काढायचा तोही रक्तातच. भरण्याची युक्ती विलक्षण आहे. पिशवीच्या भिंतीत एक ग्रंथी असते, ती रक्तात आम्ल सोडते. माशाच्या हिमोग्लोबिनची खोड अशी की आम्ल वाढलं की ते प्राणवायू धरून ठेवत नाही, टाकून देतं. सुटलेला प्राणवायू रक्ताबरोबर निघून जाऊ नये म्हणून तिथे हजारो केशवाहिन्यांचं जाळं असतं. येणारं आणि जाणारं रक्त त्यात एकमेकांना चिकटून उलट दिशांनी वाहतं, त्यामुळे निघालेला वायू वाटेतच परत आत येणाऱ्या रक्तात शिरतो. असं फिरून फिरून त्याचा दाब वाढत जातो आणि तो पिशवीत उतरतो.

पिशवीत असा प्राणवायू साठतो हे लक्षात आलं ते एका भौतिकशास्त्रज्ञाला. पृथ्वीच्या मध्यान्हरेषेची लांबी मोजायला जाँ-बातिस्त बियो हा फ्रेंच गृहस्थ भूमध्य समुद्रातल्या बेटांवर मुक्कामाला होता. मोजमापातून सवड मिळाली की तो तिथल्या कोळ्यांनी आणलेले मासे फाडून त्यांच्या पिशवीतला वायू तपासत बसे. १८०७ मध्ये त्याने लिहिलं की मासा जितका खोलचा तितका त्याच्या पिशवीत प्राणवायू जास्त, काहींत तर ८७ टक्क्यांपर्यंत. आपण श्वास घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. पृथ्वी मोजायला पाठवलेल्या माणसाने मासे चिरावेत, हे सरकारी खर्चाच्या दृष्टीने गैरच. पण त्या गैरवापराने विज्ञानाचं भलं झालं.

ही सगळी यंत्रणा सावकाश चालते. पिशवी भरायला तास लागतात, रिकामी करायलाही तास लागतात. हेकरू आपल्या मर्जीने वर यायचा तर थोडं येईल, थांबेल, मग आणखी येईल. गरीला लागलेला हेकरू वीस मीटर वर येतो एका मिनिटाच्या आत.

बोटीवर काय दिसतं ते सांगतो. बांगड्याचा तुकडा लावलेली गरी तळाला टेकते, तंगूस बोटावर धरलेली असते, एक ठोका लागतो आणि मग नुसतं जड ओझं. पहिले काही वाव हेकरू कपारीकडे जोर लावतो. अर्ध्या वाटेवर त्याचा जोर संपतो; नवखे समजतात, दमला. आतली पिशवी फुगत असते, ती फुटते तरी किंवा आतडी दाबत सुटते. शेवटचे काही मीटर तो ओढावा लागत नाही, आपोआप वर येतो. पृष्ठभागावर येतो तो उताणा. पोट ढोलासारखं ताणलेलं, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, आणि नीट बघितलं तर बुबुळाच्या काचेखाली सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. तोंडात लालसर-गुलाबी गोळा. ‘जीभ बाहेर आली’ असं कुणीतरी म्हणतंच. दुसरा कुणी जाणकार म्हणतो की ती हवेची पिशवी, टोचा आणि हवा काढा. तो गोळा म्हणजे त्याचं जठर असतं, आतल्या वायूने उलटं होऊन तोंडात आलेलं. ते टोचलं तर हवा सुटल्यासारखी वाटते आणि पोटाला भोक पडतं.

पाणबुड्यांना वेगाने वर आल्यावर होतो तो त्रास आणि हा, दोन्ही एकाच घराण्यातले. पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे पॉल बेर्टने १८७८ मध्ये दाखवलं. माशात त्याच्या जोडीला पिशवीतला मोकाट सुटलेला वायूही असतो. तो मूत्रपिंडाभोवती शिरतो, डोळ्यांमागे शिरतो. मासा खायचा असेल तर यातलं काहीच बिघडत नाही. तो बर्फात जातो, संध्याकाळी त्याचं तिखलं होतं.

अडचण परत सोडायच्या माशाची आहे. वाटणीच्या बोटीवर प्रत्येकाला निदान एक मासा हवा असतो, आणि वीतभर हेकरू कुणालाच न्यायचा नसतो. मग तो हातात धरून फोटो, मग दुसऱ्याच्या हातात धरून फोटो, आणि मग ‘जा बाबा, मोठा होऊन ये’ म्हणत पाण्यात. मी स्वतः हे उदारपणे केलेलं आहे. मासा बाजूला उताणा तरंगत राहतो, शेपूट मारतो, दोन हात खाली जातो, पुन्हा वर येतो. आत भरलेली हवा त्याला बुडू देत नाही. ऊन असतं, वर घारी असतात, आणि बोट तोवर पुढच्या खडपाकडे निघालेली असते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. पण खोल पाण्यातून वर आलेला बंद पिशवीचा मासा नुसता परत टाकल्याने वाचत नाही. आकार मोजण्याआधी खोली बघावी लागते.

मोठे सोडावेत की लहान, याचंही हेकरूच्या कुळात उत्तर सरळ नाही. या कुळातल्या बहुतेक जाती आधी मादी म्हणून वयात येतात आणि पुढे, मोठ्या झाल्यावर, त्यांतल्या काहींचा नर होतो. सगळे मोठे मासे काढले की नर संपत जातात. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग नावाच्या हेकरूच्या बाबतीत हे मोजलेलं आहे: १९७० च्या दशकात नरांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या घरात होतं, विसेक वर्षांत ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं. माद्या भरपूर, अंडी भरपूर, फळवायला नर नाहीत.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला याच तऱ्हेच्या वाटणीच्या बोटी फार जुन्या आहेत. तिथला खडपातला मासा रॉकफिश. आपल्या हेकरूशी त्याचं थेट नातं नाही, पण पिशवी तशीच बंद. शंभराहून अधिक जातींचं हे कुळ अंडी घालत नाही, पिल्लं जन्माला घालतं, आणि भयंकर जगतं. एका जातीचं वय कानातल्या खड्याची वलयं मोजून २०५ वर्षं ठरलं आहे. मोजणी बरोबर आहे का, हे पडताळायला १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्या उपयोगी पडल्या. त्यांतून समुद्रात आलेला किरणोत्सारी कार्बन माशांच्या कानातल्या खड्यांतही जमा झाला, आणि त्यावरून अमुक वलय अमुक काळातलं हे ठरवता आलं. इतका सावकाश वाढणारा मासा भरमसाट पकडला तर काय होणार? २००० सालापर्यंत अनेक जाती इतक्या रोडावल्या की २००२ पासून खोल पाण्याचे मोठे पट्टे मासेमारीला बंद करावे लागले. बोटीवरच्या हौशी माणसांना ठरावीक जाती पकडायची बंदी झाली. पण गरीला जात कळत नाही. बंदीतला मासा लागायचाच, आणि कायद्याप्रमाणे परत टाकलेला मासा कायद्याप्रमाणे तरंगत मरायचा.

त्यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय बॉइलच्याच नियमाचा, उलट दिशेने. माशाला जितक्या खोलीवरून आणलं तितक्याच खोलीवर लगेच नेऊन सोडायचं. दाब वाढला की वायू आक्रसतो, डोळे खोबणीत बसतात, जठर आत जातं. खाली कॅमेरे लावून बघितलं तेव्हा वर मेल्यासारखे दिसणारे मासे तळाजवळ सुटल्यावर पोहत निघून गेलेले दिसले. अलास्कात पिवळ्या डोळ्यांच्या रॉकफिशच्या माद्या असं सोडल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पकडल्या, तर त्या पिल्लं देण्याच्या स्थितीत होत्या. सगळेच वाचतात असं नाही. खोली फार असेल, किंवा फोटो काढण्यात वेळ गेला असेल, तर शक्यता घसरते. पहिली दोन-चार मिनिटंच महत्त्वाची. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडपाचे मासे पकडणाऱ्या बोटीवर माशाला खाली नेणारं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई यांपैकी एक तयार ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं.

विकतची साधनं चिमट्यासारखी असतात, दाब ओळखून आपोआप उघडतात आणि महाग पडतात. पण सगळ्यात साधं साधन आपल्या प्रत्येक बोटीवर आधीपासून असतं: मासळीचा प्लास्टिकचा क्रेट. तो पालथा करायचा, कडेला चारी बाजूंनी शिसं बांधायचं आणि वर आलेल्या बुडाला दोर. फुगलेला मासा पाण्यातच त्याच्याखाली सरकवायचा. मासा वर तरंगू बघतो आणि क्रेटच्या बुडाला अडकून राहतो, क्रेट त्याला घेऊन खाली जातो. खोलीवर पोचल्यावर त्याची हवा आक्रसते, तो क्रेटपासून सुटतो आणि खालच्या उघड्या बाजूने बाहेर पडतो. क्रेट रिकामा वर येतो. दोर खडपाच्या खोलीइतका लांब हवा, आणि तो गरी सोडलेल्या बाजूने सोडू नये. शेजाऱ्याची तंगूस त्यात गुरफटली तर अर्धा तास सोडवण्यात जातो, आणि वाटून घेतलेल्या बोटीवरची भांडणं बहुतेक तंगुशीवरूनच होतात.