शोधनिबंधांची सूची आणि आरोग्यसंशोधनाचे अर्थकारण

३० मे १९५९ रोजी ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शंभूनाथ डे यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. पटकीचे जीवाणू ज्या द्रवात वाढवले, त्या द्रवातून जीवाणू पूर्णपणे गाळून काढले आणि उरलेला गाळीव द्रव सशाच्या आतड्याच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या भागात सोडला, तरी तेथे पटकीत दिसते तसे भरपूर पाणी साचते, असे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले होते. याचा अर्थ असा की, रोग जीवाणूच्या केवळ उपस्थितीने होत नाही, तर जीवाणू बाहेर टाकत असलेल्या विषामुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये याच कलकत्ता शहरात पटकीच्या जीवाणूंचा अभ्यास केला होता आणि अशा विषाची शक्यताही वर्तवली होती. तिचा पुरावा मिळण्यास पंचाहत्तर वर्षे लागली.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनीही जीवाणूंपासून काढलेला निर्जंतुक अर्क सशांच्या पिलांना देऊन पटकीसदृश अतिसार घडवून दाखवला. पुढच्याच वर्षी बँकॉकमधील रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा आतड्याचे अस्तर शाबूत असल्याचे आढळले. पटकीत हे अस्तर गळून पडते, या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. अस्तर शाबूत असेल तर त्याची शोषणशक्तीही काही अंशी शिल्लक असली पाहिजे. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून शोषले जाते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी याच काळात दाखवले होते. या सर्व धाग्यांतून १९६८ पर्यंत ढाका आणि कलकत्ता येथील रुग्णालयीन चाचण्यांद्वारे ती पद्धत आकाराला आली, जिला आज आपण जलसंजीवनी म्हणतो.

सापडलेले ज्ञान आणि वापरातले ज्ञान

येथपर्यंतचा इतिहास सरळ वाटतो, पण तो तसा नाही. कलकत्त्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांना तोंडावाटे ग्लुकोज व मिठाचे पाणी देऊन बरे केल्याचा निबंध १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात रुग्णाने किती द्रव घेतला व किती गमावला यांची काटेकोर मोजमापे नव्हती, आणि ही पद्धत का लागू पडते याचे मान्य स्पष्टीकरणही तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यामुळे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी जलसंजीवनीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. हा अनुभव १९७३ मध्ये शोधनिबंधरूपाने छापला गेला. डॉ. महालनवीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये.

चटर्जींचा निबंध आणि बनगावची छावणी यांच्यात अठरा वर्षांचे अंतर आहे. हे अंतर केवळ प्रसिद्धीच्या अभावाचे म्हणता येणार नाही, कारण ‘लॅन्सेट’ हे जगातील आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक होते. छापले जाणे, शोधणाऱ्याच्या हाती लागणे, वाचले जाणे आणि विश्वासार्ह ठरणे या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला खर्च येतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्ञान हे सार्वजनिक वस्तूचे नमुनेदार उदाहरण म्हणून दिले जाते, कारण एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही. परंतु ही व्याख्या ज्ञान सापडल्यानंतरच्या स्थितीला लागू पडते. ते शोधून काढण्याचा खर्च मात्र प्रत्येक संशोधकाला स्वतंत्रपणे सोसावा लागतो. हा वारंवार होणारा खर्च एकदाच करून सर्वांसाठी वाचवणे, हे ग्रंथसूचीचे खरे आर्थिक कार्य होय. रस्ते आणि बंदरे यांना आपण पायाभूत सुविधा म्हणतो. संशोधनाच्या क्षेत्रात सूचीचे स्थान तेच आहे, मात्र अर्थसंकल्पीय चर्चेत तिचे नाव क्वचितच निघते.

विषयसूची आणि संदर्भसूची

वैद्यकीय साहित्याची पहिली मोठी चालती सूची ‘इंडेक्स मेडिकस’ ही १८७९ मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केली. जगभरातील वैद्यकीय लेखांची विषयवार नोंद करणे हे तिचे काम. १९६४ मध्ये ते संगणकावर गेले, १९७१ पासून दूरसंचार वाहिन्यांवरून शोध घेण्याची सोय झाली आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ही सूची इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली झाली. शासकीय खर्चाने तयार झालेल्या एका राष्ट्राच्या सूचीचा लाभ जगाने घ्यावा, याचे यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

विषयसूचीला एक मर्यादा असते. एखाद्या विषयावर काय लिहिले गेले, हे ती सांगते. पण एखादा निबंध पुढे कोणी वापरला, हे सांगत नाही. ही उणीव यूजीन गारफील्ड यांनी हेरली. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांचे संदर्भ दिलेले असतात. हे सर्व संदर्भ एकत्र करून त्यांची उलटी मांडणी केली, तर एका जुन्या निबंधापासून निघून आजपर्यंतच्या त्याच्या वंशावळीचा माग काढता येतो. ही कल्पना गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने ती प्रत्यक्षात आणली. ही सूची खासगी होती आणि ती विकत घ्यावी लागे, हा ‘इंडेक्स मेडिकस’पेक्षा तिचा महत्त्वाचा वेगळेपणा.

याच साधनाने गारफील्ड यांनी १९८६ मध्ये पटकीवरील संशोधनाचा नकाशा तयार केला आणि त्यात शंभूनाथ डे यांचे स्थान नोंदवले. डे यांनी दाखवलेले विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले ते १९६९ मध्ये, अमेरिकेत. त्यानंतर या विषयावरील निबंधांचा ओघ वाढला. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथील पटकीविषयक नोबेल परिसंवादाचे निमंत्रण डे यांना मिळाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले होते. भारतात मात्र कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. गारफील्ड यांचा नकाशा पुढच्या वर्षीचा, आणि ‘करंट सायन्स’चा त्यांच्यावरील विशेषांक १९९० चा.

मोजपट्टीचा उपयोग आणि दुरुपयोग

कोणतीही सूची सर्व काही समाविष्ट करू शकत नाही. एखाद्या विषयातील बहुतेक उपयुक्त लेख थोड्याच नियतकालिकांत एकवटलेले असतात, हा ब्रॅडफर्ड यांचा १९३४ मधील नियम सूचीकारांना सोयीचा ठरला: मोजकी नियतकालिके घेतली की काम बरेचसे भागते. खर्चाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे. पण जी नियतकालिके वगळली जातात, ती कोणाची? विकसनशील देशांत, स्थानिक रोगांविषयी आणि कमी प्रसाराच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना या काटकसरीची किंमत मोजावी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी भारताने स्वतःच्या सूची निर्माण केल्या. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्डॉक’ने १९६५ पासून ‘इंडियन सायन्स अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ प्रसिद्ध केले. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ‘इंडमेड’ ही सूची तयार केली. हे प्रयत्न मोलाचे होते, परंतु अशा सूचीचे मोल तिच्या सातत्यात असते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे लागणारा निधी व मनुष्यबळ यांबाबत आपली धोरणे कधीच पुरेशी स्थिर राहिली नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. संदर्भांच्या मोजणीतून नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढला जाऊ लागला. मर्यादित अंदाजपत्रकात कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ग्रंथपालाला ठरवता यावे, हा त्याचा एक मुख्य उपयोग. कालांतराने हाच आकडा प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या आणि अनुदाने यांचा निकष बनला. रेणवीय जीवशास्त्रात संदर्भ देण्याचा वेग आणि संख्या मोठी असते. सर्पदंश किंवा काळा आजार यांसारख्या विषयांवर काम करणारे संशोधकच थोडे. या दोघांना एकाच मापाने मोजले, की कोणत्या विषयाकडे तरुण संशोधक वळतील, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, असा जो नियम चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, तो चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जन्मला. विद्यापीठांत तो कदाचित अधिकच खरा ठरला आहे. निबंधसंख्येच्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ‘यूजीसी-केअर’ सूचीची घोषणा केली, आणि ती बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. नियतकालिकांची निवड आता संस्थांच्या विवेकावर सोपवलेली आहे.

वाचण्याचा खर्च

सूचीत निबंध सापडला तरी तो वाचायला मिळेलच, असे नाही. वैज्ञानिक नियतकालिकांची बाजारपेठ विलक्षण आहे. संशोधनाचा खर्च बहुतांशी करदाता उचलतो, लेखक व समीक्षक प्रकाशकाकडून मानधन घेत नाहीत, आणि तरीही सार्वजनिक ग्रंथालयांना तेच निबंध भरमसाट वर्गणी देऊन परत घ्यावे लागतात. एका नियतकालिकाऐवजी दुसरे वाचून चालत नाही, त्यामुळे प्रकाशकाच्या हाती मक्तेदाराची शक्ती येते. या शक्तीला तोंड देण्याचा एक मार्ग म्हणजे खरेदीदारांनीही एकत्र येणे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमागील तर्क हाच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधन संस्थांना उपलब्ध करण्याचे काम गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडे आहे. विद्यार्थी, अध्यापक व संशोधक मिळून सुमारे १.८ कोटी लाभार्थी गृहीत धरले आहेत. साधा भागाकार केला, तर दरडोई वार्षिक खर्च अकराशे रुपयांच्या आसपास येतो. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयाला यापूर्वी जे मिळणे अशक्य होते, त्या मानाने ही रक्कम मोठी नाही.

तथापि, सरासरी आकडा वापराविषयी काही सांगत नाही. मोठ्या संस्थांना यातील पुष्कळ नियतकालिके पूर्वीपासूनच मिळत होती. खरी भर पडते ती लहान संस्थांत, आणि तेथेच शोध घेण्याचे कौशल्य शिकवणारा प्रशिक्षित ग्रंथपाल बहुधा नसतो. दुसरे असे की, जगातील प्रकाशनव्यवहार वाचकाकडून वर्गणी घेण्याऐवजी लेखकाकडून छपाईशुल्क घेण्याकडे सरकत आहे. जे निबंध सर्वांना खुले आहेत, त्यांच्यासाठी वर्गणी देणे हा दुहेरी भरणा ठरतो. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान या केंद्रीय विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये मुक्त उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. त्यानुसार त्यांच्या अनुदानातून लिहिलेल्या निबंधांची प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवणे अपेक्षित आहे. हे संग्रह जितके भरतील, तितकी पुढील करारांच्या वेळी प्रकाशकांशी बोलणी करताना शासनाची बाजू भक्कम राहील. ते रिकामे राहिले, तर किंमत ठरवण्याची सूत्रे प्रकाशकांच्याच हाती राहतील.