पूर्वाचार्य : घरातील शिक्षण आणि साधे कुटुंबजीवन

शिक्षण म्हटले की शाळेची इमारत, गणवेश, दप्तर आणि गुणपत्रिका आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नाही, त्याला शाळेचे मोल इतरांपेक्षा अधिक कळावे हे स्वाभाविकच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. एवढ्या कष्टाने उघडलेल्या दाराविषयी बोलताना जपूनच बोलले पाहिजे.

तरीही एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. शहरातील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात. या पद्धतीला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. आपल्या समाजातील तरुण पालकही त्याविषयी चौकशी करू लागले आहेत. हे नेमके काय आहे आणि आपण त्यातून काय घ्यावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

होमस्कूलिंग म्हणजे काय?

मुलाच्या शिक्षणाची संपूर्ण जबाबदारी पालकांनी स्वतः घेणे, म्हणजे होमस्कूलिंग. या विचाराचा आधुनिक प्रसार अमेरिकेत झाला. जॉन होल्ट नावाचे शिक्षक होते. मुले शाळेत अपयशी का होतात, याचे निरीक्षण त्यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले. चुकण्याची भीती आणि शिक्षकाला हवे तेच उत्तर देण्याची सवय यांमुळे मुलाची समज खुंटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९७७ साली त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केले. १९९३ सालापर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले होते.

आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. आपल्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्यातील कलम १० सांगते. घरी शिकवण्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. मात्र शाळेबाहेर राहिलेल्यांना परीक्षेचा मार्ग बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे वयाच्या १४ व्या वर्षापासून दहावीच्या परीक्षेस बसता येते. राज्य मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या परीक्षा देण्याचीही सोय आहे. काही कारणाने ज्यांचे शिक्षण सुटले त्यांनी, विशेषतः लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या भगिनींनी, या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा.

आमची भूमिका

मुलांना शाळेतून काढून घरी बसवावे, असे आम्ही सुचवणार नाही. याची कारणे स्पष्ट आहेत. दोघेही पालक कामावर जाणाऱ्या घरात दिवसभर शिकवणार कोण? दुसरे असे की, शाळेच्या बाकावर वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले शेजारी बसतात. संविधानातील बंधुतेचा पहिला अनुभव मुलाला तेथे मिळतो किंवा तो मिळाला पाहिजे असा आग्रह आपण तेथे धरू शकतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘घरीच शिकते’ या शब्दांआड मुलीची शाळा बंद होण्याचा धोका मोठा आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे आणि स्वयंपाक करणे एवढेच जर तिच्या वाट्याला आले, तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. अशा वेळी शेजाऱ्यांनी व समितीच्या कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन विचारपूस केली पाहिजे.

परंतु शाळेत नाव घातले, शिकवणीची फी भरली, म्हणजे आपले कर्तव्य संपले ही समजूतही तितकीच घातक आहे. पोटाला चिमटा घेऊन आपण फी भरतो आणि संध्याकाळी मुलाशी बोलायला आपल्याकडे वेळ नसतो. मुलाचे शिक्षण ही पालकांची स्वतःची जबाबदारी आहे, हा होमस्कूलिंगमधील गाभा आपण घेतला पाहिजे. हा विचार आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही. तो आपल्या धम्मात आहे आणि आपल्या इतिहासातही आहे.

धम्माची शिकवण

पाली वाङ्मयात मातापित्यांना ‘पुब्बाचरिय’ म्हणजे पूर्वाचार्य म्हटले आहे. शाळेतील गुरुजींच्या आधीचे गुरुजी म्हणजे आईवडील. सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांना पापकर्मापासून परावृत्त करणे, सत्कर्माला लावणे, विद्या व कला शिकवणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती सोपवणे. या सुत्ताची पार्श्वभूमीही विचार करण्यासारखी आहे. सिगाल हा तरुण वडिलांनी मरताना सांगितले म्हणून रोज सहा दिशांना नमस्कार करीत असे. तो का करायचा, हे त्याला माहीत नव्हते. तथागतांनी त्याला दिशांचा अर्थ उलगडून सांगितला. मातापिता, गुरुजन, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण यांच्याशी कसे वागावे, ते समजावले. संस्कार अर्थासह दिला पाहिजे, हा त्याचा बोध होय.

शिकवण्याची रीत कशी असावी, हे राहुलाला केलेल्या उपदेशात दिसते. राहुल तेव्हा श्रामणेर होता. तथागतांनी पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्याला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच थोडके असते, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले आणि रिकामे भांडे दाखवून तोच धडा पुढे नेला. आरसा कशासाठी असतो, हेही त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुलाने उत्तर दिले. त्याचप्रमाणे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, असे तथागतांनी सांगितले. तेथे मारझोड नव्हती, की महागडे साहित्य नव्हते. हाताशी असलेले भांडे पुरेसे झाले.

सुभेदार रामजींची एक खोली

घरातील शिक्षणाचे आपल्यापुढील सर्वांत मोठे उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे आहे. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाळ भीमरावाला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली. परंतु घरी रामजी त्याचा अभ्यास स्वतः करून घेत. पुढे मुंबईत परळच्या चाळीत कुटुंब एका खोलीत राहिले. स्वयंपाक, झोप व अभ्यास तेथेच. रामजी रात्री जागे राहत, पहाटे दोनच्या सुमारास भीमरावाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडून उसने आणत किंवा त्यांचा दागिना गहाण ठेवत.

याहून महत्त्वाची गोष्ट बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात आली आहे. कबीरपंथी रामजी मुलांकडून रामायण, महाभारत वाचून घेत. ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचावेत, असे भीमरावाने वडिलांना विचारले. आपल्या मनातील न्यूनगंड जावा म्हणून, असे रामजींचे उत्तर होते. त्यासाठी त्यांनी द्रोण आणि कर्ण यांचे दाखले दिले. या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. वडिलांविषयी नितांत आदर असूनही त्याचे असमाधान कायम राहिले. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी शाळकरी भीमरावाला एका सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, तेव्हा त्या मनाला नवी वाट दिसली. ज्या घरात मूल बापाला प्रश्न विचारू शकते आणि बापाच्या उत्तराने समाधान झाले नाही तरी त्याचे वाचन चालू राहते, ते घर खरी शाळा होय.

घरी काय करता येईल?

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे अनेक माता-पिता म्हणतात. हे खरे नाही. गवंडीकाम करणारा बाप घराचा कोपरा काटकोनात आणण्यासाठी दोरीने तीन फूट, चार फूट आणि पाच फूट असे माप धरतो. नववी-दहावीच्या पुस्तकातील पायथागोरसचा सिद्धांत तो हाच. बापाने एका रविवारी मुलाला ओळंबा, गुण्या आणि दोरी घेऊन सोबत बसवावे. भाजी विकणारी आई पावशेर, अर्धा किलो यांचा हिशोब तोंडी करते. ती रीत मुलीला समजावून सांगावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलांकडून रोज वर्तमानपत्र वाचून घ्यावे आणि ‘म्हणजे काय?’ असे विचारत राहावे. सांगताना मुलाला विषय खरा कळतो.

विज्ञानाला प्रयोगशाळाच लागते असे नाही. मटकीचे दाणे तीन वाट्यांत ठेवावेत : एक कोरडी, एक ओली पण अंधारात, एक ओली व उजेडात. आठवडाभर मुलांनी रोज पाहून वहीत नोंद करावी. पुण्याच्या आयुका संस्थेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, सायकलचा जुना ट्यूब, वर्तमानपत्राचा कागद अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कोणत्याही घरी विनाखर्च बनवता येतात.

इतिहासाचा एक पाठ तर फक्त घरातच मिळू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. गावकी कशी सोडली, देव्हारा कसा उतरवला, दीक्षेला कोण कसे गेले, आजी जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत असे, हे नातवंडांनी विचारून लिहून ठेवावे. हे काम पाच-दहा वर्षांनी करू म्हटले तर सांगणारे उरणार नाहीत.

साधेपणाचा आनंद

या सर्वाला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि वेळ साधेपणातून मिळतो. वाढदिवसाचा मांडव, हप्त्यावर घेतलेला मोठा टीव्ही, लग्नासाठी काढलेले कर्ज हे सारे फेडण्यासाठी जादा पाळी करावी लागते आणि मुलांच्या वाट्याचा वेळ त्यात जातो. पाचवे शील हे तर घरातील शिक्षणाचा पायाच आहे. ज्या घरात दारूची बाटली येते, तेथे संध्याकाळी मुलाचे पुस्तक उघडत नाही.

आमची विनंती एवढीच आहे. रोज संध्याकाळी एक तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवावा. त्या वेळात सर्वांनी मिळून स्वयंपाक करावा. मुलाने भाकरी थापावी, मुलीने बिघडलेला दिवा दुरुस्त होताना शेजारी बसून पाहावे. जेवताना प्रत्येकाने दिवसभरात पडलेला एक प्रश्न सांगावा. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे म्हणण्यात आईबापाला कमीपणा नाही. पौर्णिमेला सहकुटुंब विहारात जावे आणि परतताना ऐकलेल्या गाथेचा अर्थ मुलांना विचारावा.

विद्यार्थी मित्रांनाही दोन शब्द. आईवडिलांच्या हाताला जे येते ते शिकून घ्या आणि तुम्हाला जे वाचता येते ते त्यांना वाचून दाखवा. त्यामुळे घरातील शिकणे दोन्ही बाजूंनी चालू राहील.

शाळेचे दार आपल्या पूर्वजांनी लढून उघडले. ते उघडे ठेवू या, आणि त्या दारातून जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात घरून दिलेली शिदोरीही असू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!