ट्रान्सफर केसमध्ये कोणते ऑइल घालावे?

जीपच्या कामावर हात बसलेल्या कारागिराला ट्रान्सफर केस नवा नाही. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ही पेटी इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांकडे वाटून देते. जुन्या महिंद्र जीपच्या केसमध्ये फक्त गिअर असत आणि ९० नंबरचे गिअर ऑइल भरले की काम भागत असे. पण हाच हिशेब वेगवान फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना लावला तर तो महागात पडतो. बीएमडब्ल्यूने २००७ साली चेन्नईत गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्या वॉरंटीबाहेर जाऊन आता साध्या गॅरेजमध्ये येतात. त्यांच्या ट्रान्सफर केसला ऑइल लागते जेमतेम लिटरभर, पण नवा केस बसवायचा झाला तर खर्च लाखांत जातो. डब्यामागे चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

ऑइल ठरते ते केसच्या आत काय आहे यावरून. नुसते गिअर असतील तर दात एकमेकांवर घासताना टिकेल असा जाड थर हवा. म्हणून तिथे गिअर ऑइल. चेनवर चालणाऱ्या केसमध्ये ऑइल चेनच्या कड्यांत चटकन शिरले पाहिजे, म्हणून अशा बहुतेक केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल, म्हणजे एटीएफ, चालते. तिसऱ्या प्रकारात ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा असतात. खरी गफलत होते ती इथेच. या ऑइलने गिअर-चेन घासू द्यायची नाही, पण प्लेटांची पकडही सुटू द्यायची नाही. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि ती साधण्यासाठी कंपन्या ऑइलमध्ये ठरावीक रसायने घालतात.

बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह ही रचना २००३ पासून आली. साधारण चालीत ती सुमारे ४० टक्के ताकद पुढे आणि ६० टक्के मागे देते. चाक घसरू लागले की एक लहान विजेची मोटर क्लच प्लेटा कमी-जास्त दाबते आणि क्षणात हे प्रमाण बदलते. म्हणजे गाडी चालू असताना त्या प्लेटा सतत थोड्या-थोड्या घसरत आणि पकडत असतात. अशा अनेक केससाठी कंपनीचे डीटीएफ-१ हे ऑइल आहे. त्याऐवजी गिअर ऑइल भरले तर जाडपणामुळे प्लेटा वेळेवर सुटत नाहीत. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठीचे ऑइल भरले तर त्यातल्या रसायनामुळे पकड बिघडते. दोन्ही वेळी गिऱ्हाईकाची तक्रार एकच असते : हळू वळताना किंवा सावकाश वेग घेताना गाडी थरथरते, धक्के देते. गिअर ऑइलमध्येही भेद आहे. जीएल-५ दर्जाच्या ऑइलमधील गंधक-फॉस्फरसची रसायने पितळेच्या भागांना बाधू शकतात, म्हणून जिथे जीएल-४ सांगितले आहे तिथे ‘वरच्या दर्जाचे’ म्हणून जीएल-५ घालू नये.

नुसते गाडीचे नाव सांगूनही भागत नाही. १९९९ ते २००४ च्या जीप ग्रँड चेरोकीमध्ये दोन तऱ्हेचे केस येत. एकात एटीएफ चाले, तर क्वाड्रा-ट्रॅक दोनच्या केसला त्याच्यासाठी बनवलेले वेगळे ऑइल लागे. उलट १९८९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही शर्यतीत गाजलेली गाडी. तिच्या केसमध्ये क्लच प्लेटा असूनही कंपनीने एटीएफच सांगितले होते. रंगावर तर अजिबात जाऊ नये. एटीएफ बहुधा लाल असते, जनरल मोटर्सचे ऑटो-ट्रॅक दोन हे निळे असते. पण रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. आधी केसवरचा नंबर वाचावा, मग गाडीचे पुस्तक उघडावे आणि त्यात लिहिलेला दर्जा डब्यावर शब्दशः आहे का ते पाहावे. ‘सर्व गाड्यांसाठी’ एवढेच छापलेल्या डब्याचा इथे उपयोग नाही.

गाडी जोरात पळवणारे हौशी मालक ‘जरा जाड ऑइल टाका’ असा आग्रह धरतात. जोरात पळवल्याने केस तापतो हे खरे. पण त्यावर उपाय तेच ऑइल लवकर बदलणे हा आहे. काही कंपन्या हे ऑइल गाडीच्या आयुष्यभर चालते असे सांगतात. जोरात वापरलेल्या गाडीच्या बाबतीत ते मानू नये.

बदलताना आधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते पाहावे आणि मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. ऑइल काढून टाकले आणि वरचा प्लग अडकला तर गाडी जागेवरच राहते. गाडी सपाट उभी करून पुस्तकात दिलेल्या मापाइतके किंवा पातळीपर्यंत ऑइल भरावे. केस अॅल्युमिनियमचा असल्याने प्लग जास्त आवळला की आटे जातात. जुन्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे दिसले तर गिऱ्हाईकाला तेव्हाच दाखवावेत. नंतर सांगितलेले कोणी खरे मानत नाही.

एक्सड्राइव्हला आणखी दोन गोष्टी लागतात. केसचा कंट्रोलर जुन्या ऑइलची झीज मोजून ठेवतो. नवे ऑइल भरल्यावर स्कॅनर लावून ती नोंद शून्य करावी लागते, नाही तर कंट्रोलर जुन्याच हिशेबाने क्लच दाबत राहतो. शिवाय चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे, एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असले तर पुढची-मागची चाके वेगळ्या गतीने फिरतात, प्लेटा सतत घासत राहतात आणि उत्तम ऑइल भरूनही थरथर परत येते. म्हणून अशी गाडी कामाला घेताना बॉनेट उघडण्याआधी चारही टायर तपासावेत आणि त्यांची झीज जॉब कार्डावर लिहून गिऱ्हाईकाची सही घ्यावी.