पत्ता : अपशिंगे मिलिटरी

गावाच्या नावातच ‘मिलिटरी’! सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला मी गेलो, तेव्हा गावकऱ्यांनी सगळ्यात आधी दाखवलं ते स्मारक. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पोरांचं करिअर म्हणजे भरती आणि म्हातारपणाचा आधार म्हणजे पेन्शन. २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली अन् गणितच बदललं. नोकरी चार वर्षांची, पेन्शनऐवजी एकरकमी सेवानिधी, पुढे कायम होणार ते जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे ऐन तारुण्यात घरी! तेव्हा बॉस, असा एखादा तुमच्या ऑफिसात इंटरव्ह्यूला आला, तर ‘एक्स्पिरियन्स काय?’ विचारण्याआधी बायोडेटावरचा पत्ता जरूर वाचा.